थर्मामीटर ३९.४ दाखवतोय, मग ताप किती? फॅरनहाइट-सेल्सिअसचा वारंवार होणारा घोळ आणि तो सोडवायचा कसा

मागच्या श्रावणात सासूबाईंना ताप आला. वय ब्याऐंशी, त्यामुळे रात्री त्यांच्याजवळ बसायला एक ताई ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "एकशे दोनच्या वर गेला तर ही गोळी द्या आणि मला लगेच कळवा." ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. पहाटे पाचला मी आत गेले तर आईंच्या अंगाला हात लाववत नव्हता, ओठ सुकलेले, आणि त्या झोपेतच काहीबाही बोलत होत्या. मी वही उघडली. रात्री दहा: १०१.२. रात्री एक: ३९.१. रात्री तीन: ३९.४. सगळं नीट, टपोऱ्या अक्षरात.

"ताई, मला उठवलं का नाही?"

"बाई, एकशे दोनच्या वर गेलाच नाही ना. उलट उतरला, एकोणचाळीसवर आला."

३९.४ सेल्सिअस म्हणजे १०२.९ फॅरनहाइट. ताईंना जे सांगितलं होतं ते त्यांनी तंतोतंत केलं. थर्मामीटरही तोच होता. रात्री एकच्या सुमाराला अंधारात त्याचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि पडद्यावरचं एकक बदललं, एवढंच घडलं. आई दोन दिवसांत बऱ्या झाल्या, पण ती पहाट माझ्या डोक्यातून जात नाही.

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हे सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. निवृत्तीनंतर आमच्या लोकमान्य नगरात कुणाचा थर्मामीटर, कुणाचा ओव्हन, कुणाच्या मुलीने अमेरिकेहून पाठवलेली पाककृती, असं काही ना काही माझ्याकडे येतच असतं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणसं गुणाकार-भागाकारात फारशी चुकत नाहीत. समोरचा आकडा कोणत्या मापातला आहे आणि तो तापमान सांगतोय की तापमानातला फरक, हे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात आणि पुढचं सगळं बिघडतं. खालच्या बहुतेक अडचणी याच दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

अंग तापलंय, पण आकडा तीस-चाळीसच्या घरात

सर्वात जास्त वेळा विचारली जाणारी अडचण हीच. आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये बोलायची सवय इतकी मुरलेली आहे की "शंभर ताप आहे" म्हटलं की कुणाला एकक विचारावंसं वाटत नाही. १९५६च्या वजनमाप कायद्यानंतर देश मेट्रिककडे वळला, शेर-मण जाऊन किलो आले, हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये आल्या. ताप मात्र घरात आणि दवाखान्यात फॅरनहाइटमध्येच राहिला. त्यामुळे आपल्या डोक्यात दोन कप्पे आहेत: ऊन बेचाळीस, ताप एकशे दोन. दोन्ही अंशच, पण एकमेकांशी न बोलणारे.

बाजारातले बरेचसे डिजिटल थर्मामीटर दोन्ही मापांत चालतात. त्यांत बटण बंद अवस्थेतून दाबून काही सेकंद धरून ठेवलं की एकक बदलतं. काहींना त्यासाठी मागे वेगळं छोटं बटण असतं. कपाळासमोर धरायच्या बंदुकीसारख्या थर्मामीटरमध्ये ते मेन्यूत लपलेलं असतं. म्हणून खोक्यातला कागद फेकू नका. एकक परत आणायची रीत त्यावरच छापलेली असते, आणि कंपनीगणिक ती वेगळी असते.

आता दिलासा देणारी गोष्ट. तापाच्या बाबतीत ही दोन मापं एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. नेहमीचा डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ ते ४३ सेल्सिअस एवढंच मोजतो, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ९० ते १०९. मधल्या जागेतला आकडा त्याच्या पडद्यावर येऊच शकत नाही. त्यामुळे आकडा चाळिशीच्या आसपास असेल तर तो सेल्सिअस, नव्वदीत किंवा शंभराच्या वर असेल तर फॅरनहाइट. पडद्याच्या कोपऱ्यातलं ते बारीक 'सी' किंवा 'एफ' अंधारात दिसलं नाही तरी आकडाच सांगतो. ही गोष्ट त्या रात्री ताईंना कुणी सांगितली असती, म्हणजे मी सांगितली असती, तर पुढचं टळलं असतं.

आता तापाची पट्टी. ही मी एका कागदावर लिहून आईंच्या पलंगाशेजारी चिकटवली आहे:

३७.० म्हणजे ९८.६
३७.५ म्हणजे ९९.५
३८.० म्हणजे १००.४
३८.५ म्हणजे १०१.३
३९.० म्हणजे १०२.२
३९.५ म्हणजे १०३.१
४०.० म्हणजे १०४.०

उजवीकडचा रकाना जरा वरपासून खाली वाचा. पूर्णांक एकेकाने चढतो आणि दशांश एकेकाने उतरतो: सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. अर्धा अंश सेल्सिअस म्हणजे बरोबर ०.९ अंश फॅरनहाइट, म्हणून असं होतं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि मुलांना दाखवलं की त्यांचेही चेहरे उजळायचे. ३७ला ९८.६ एवढं एक लक्षात राहिलं की बाकीची पट्टी बोटांवर तयार होते. पाढा नको, फोन नको.

डॉक्टर साधारणपणे ३८, म्हणजेच १००.४ पासून ताप धरतात. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि आकडा इथे पोचला असेल तर रूपांतर करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि वहीत आकडा लिहिताना पुढे 'फॅ.' किंवा 'से.' लिहाच. ज्याने वही लिहिली त्याला ते माहीत असतं, पण पहाटे पाचला ती उघडणाऱ्याला नसतं.

शॉर्टकटने केलं तर १०४ ताप 'नॉर्मल' निघाला

हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते.

एक शॉर्टकट सगळीकडे फिरत असतो: फॅरनहाइटमधून तीस वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा, झालं सेल्सिअस. उलट जायचं तर दुप्पट करा आणि तीस मिळवा. हवेसाठी हा शॉर्टकट चांगला आहे. फोनवर मुलगी म्हणाली, "इथे आज पन्नास आहे," तर पन्नासातून तीस गेले वीस, निम्मे दहा. उत्तर अचूक दहाच येतं. ६८ म्हटली तर शॉर्टकट १९ देतो, खरं उत्तर २०. स्वेटर घालायचा की नाही एवढं ठरवायला पुरे.

आता तोच तापाला लावा. १०४मधून तीस गेले ७४, निम्मे ३७. सदतीस! म्हणजे जो माणूस तापाने फणफणला आहे, ज्याला ताबडतोब डॉक्टरांना दाखवायला हवं, त्याचा ताप या हिशोबात चक्क नॉर्मल ठरला. उलट बाजूने पाहा: ३७ची दुप्पट ७४, त्यात तीस मिळवले, १०४. ठणठणीत माणसाला एकशे चार ताप. माझ्या ओळखीच्या एका घरात हे खरंच झालं. लेकराच्या थर्मामीटरवर ३६.८ आलं, बापाने दुप्पट करून तीस मिळवले आणि १०३.६ काढलं, आणि भर रात्री धावपळ झाली. मूल गाढ झोपलेलं होतं.

हा शॉर्टकट ५० फॅरनहाइटपाशी बरोबर असतो आणि तिथून जितकं दूर जावं तितका चुकत जातो. शरीराच्या तापमानापाशी ही चूक साधारण तीन अंश सेल्सिअसची होते, आणि शरीराच्या बाबतीत निरोगी आणि गंभीर यांत अंतरच तेवढं असतं. म्हणून हवेला चालेल, तापाला नाही, कधीच नाही.

तोंडीच करायचं असेल तर तितकीच सोपी पण बिनचूक रीत आहे. सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ३९.४ची दुप्पट ७८.८, दहावा भाग ७.८८, उरले ७०.९२, त्यात ३२ मिळवले की १०२.९२. दुपटीतून दहावा भाग काढणं म्हणजेच १.८ने गुणणं, त्यामुळे यात अंदाज कुठेच नाही.

उलट, फॅरनहाइटवरून सेल्सिअसला यायचं तर ३२ वजा करा, निम्मं करा, त्या निम्म्यात त्याचाच दहावा भाग मिळवा, आणि हवं तर शंभरावाही. १०२मधून ३२ गेले ७०, निम्मे ३५, दहावा भाग ३.५, शंभरावा ०.३५, एकूण ३८.८५. खरं उत्तर ३८.९. तापाला एवढी अचूकता पुरते.

सूत्र बरोबर घातलं, उत्तर ८२ आलं

सियागंजात किराण्याचं दुकान असलेले आमचे शेजारी एक दिवस दोन्ही हातांत दोन यंत्रं घेऊन आले. एका हातात गल्ल्यावरचा मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर, दुसऱ्या हातात फोन. दोन्हींवर त्यांनी एकाच क्रमाने बटणं दाबली होती: १०० − ३२ × ५ ÷ ९. गल्ल्यावरचा म्हणत होता ३७.८. फोन म्हणत होता ८२.२. "वहिनी, यातलं बिघडलेलं कुठलं?"

बिघडलेलं एकही नव्हतं. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर आकडे येतील तसे डावीकडून उजवीकडे सोडवतो: आधी १००मधून ३२ गेले ६८, मग गुणिले पाच, मग भागिले नऊ. फोनमधला कॅल्क्युलेटर शाळेतला कंस-गुणाकार-भागाकाराचा नियम पाळतो. तो आधी ३२ × ५ ÷ ९ करतो, त्याचे १७.८ येतात, ते शंभरातून वजा करतो. उत्तर ८२.२.

उपाय एकच: वजाबाकीला कंस घाला. (१०० − ३२) × ५ ÷ ९. कंसाची बटणं सापडत नसतील तर १०० − ३२ करून 'बरोबर'चं चिन्ह दाबा आणि मग पुढे चला. कॉम्प्युटरवर तक्ता करणाऱ्यांचंही इथेच चुकतं. कंस विसरलेलं सूत्र एकदा वरच्या चौकटीत बसलं की खालपर्यंत ओढलं जातं आणि शंभर ओळी एकदम चुकतात.

उलट दिशेला सापळा वेगळा आहे. ३७ × ९ ÷ ५ + ३२ असं घातलं तर दोन्ही यंत्रं ९८.६ सांगतात. पण कुणी ३२ आधी लिहिलं, ३२ + ३७ × ९ ÷ ५, तर फोन बरोबर सांगतो आणि गल्ल्यावरचा १२४.२ म्हणतो.

ज्यांना ३२ आधी काढायचे की नंतर मिळवायचे हेच आठवत नाही त्यांच्यासाठी माझी आवडती रीत चाळीसची आहे. कोणत्याही दिशेने जा, आधी ४० मिळवा, मग गुणा, मग ४० काढा. फॅरनहाइटवरून येताना गुणक ५/९, सेल्सिअसवरून जाताना ९/५. १०४ + ४० = १४४, त्याचे ५/९ म्हणजे ८०, वजा ४०, उत्तर ४०. आणि ३७ + ४० = ७७, गुणिले ९/५ म्हणजे १३८.६, वजा ४०, उत्तर ९८.६. उणे चाळीसला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात, म्हणून हे जुळतं. तेवढ्या एका बिंदूवर दोघांचं एकमत आहे. वर्गात जी मुलं ३२च्या जागेवरून दरवेळी अडखळायची ती या रीतीने एकदाही चुकली नाहीत.

ही ३२ची भानगड आली तरी कुठून, असं मुलं हमखास विचारत. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट याने १७२४ साली आपलं माप प्रसिद्ध केलं तेव्हा त्याने शून्य ठेवलं ते बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला, साध्या बर्फ-पाण्याला ३२ आणि माणसाच्या शरीराला ९६. अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली पाण्याचं गोठणं आणि उकळणं यांच्यामध्ये शंभर भाग पाडले, आणि तेही उलटे: उकळण्याला शून्य, गोठण्याला शंभर. ते सुलटे झाले त्याच्या मृत्यूनंतर. दोघांचं शून्य वेगळं आणि अंशाची लांबीही वेगळी. म्हणूनच नुसतं गुणून किंवा नुसतं मिळवून भागत नाही, दोन्ही करावं लागतं.

ओव्हनचा काटा ३५०पर्यंत जातच नाही

दिवाळीच्या आधी महिनाभर ही तक्रार येते. पाककृतीत लिहिलंय ३५० अंश, आणि आपल्या ओटीजीच्या बटणावर शेवटचा आकडा २५०. अशा वेळी काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवला जातो आणि नानकटाई वरून काळी, आतून कच्ची निघते. साजूक तूप, वेळ, सगळं वाया. फार वाईट वाटतं.

३५० हा आकडा फॅरनहाइटचा. सेल्सिअसमध्ये तो १७७, म्हणजे काटा १७५ आणि १८०च्या मध्ये. आणि गंमत बघा, ओव्हनच्या टप्प्यात नुसतं निम्मं केलं तरी काम होतं. ३००चं १५० (खरं १४९), ३५०चं १७५ (खरं १७७), ४००चं २०० (खरं २०४). ३२०ला तर निम्मं बिनचूक १६० येतं. घरगुती ओव्हनचा काटा स्वतःच पाच-दहा अंश इकडे-तिकडे असतो, त्यामुळे एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. साडेचारशेच्या वर मात्र निम्म्यावर विसंबू नका. ४५०चे खरे २३२ होतात, आणि निम्मं फक्त २२५ सांगतं.

तापात जी सोय होती ती इथे नाही, हे लक्षात ठेवा. तिथे दोन मापांचे आकडे वेगवेगळ्या वाड्यांत राहतात. ओव्हनमध्ये ते एकाच वाड्यात राहतात. '२०० अंश' हे सेल्सिअस असेल तर बिस्किटं भाजली जातील, फॅरनहाइट असेल तर ९३ होतात आणि त्यात फार तर काहीतरी सुकेल. आकड्याकडे बघून काहीच कळत नाही. पाककृती कुठली आहे ते पाहा. साहित्य कपात आणि औंसात दिलं असेल तर अंश बहुधा फॅरनहाइट, ग्रॅममध्ये असेल तर बहुधा सेल्सिअस. आणि पदार्थाची अक्कल वापरा. केक ९३ अंशांवर कधी होईल का?

"२५ अंशांनी कमी करा", आणि फोन म्हणतो उणे चार

आता दुसरा प्रश्न: आकडा तापमान आहे की फरक?

पंख्याच्या ओव्हनसाठी अमेरिकन पाककृतीत सूचना असते की तापमान २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेवा. माझ्या भाचीने फोनला विचारलं, २५ फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस? फोन म्हणाला उणे ३.९. ती गोंधळलीच. उणे चार अंशांनी कमी करायचं म्हणजे वाढवायचं की काय?

फोनने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. बाहेर थंडी २५ फॅरनहाइट असेल तर ती उणे ३.९ सेल्सिअसच. पण इथे २५ ही थंडी नाही, दोन तापमानांमधलं अंतर आहे. अंतराचं रूपांतर करताना ३२ला हातही लावायचा नाही, फक्त १.८ने भागायचं. २५ भागिले १.८ म्हणजे १४. काटा १४ अंश खाली आणा, म्हणजे व्यवहारात पंधरा.

घराच्या उदाहरणाने समजवायचं तर अशी कल्पना करा की तुम्ही पहिल्या मजल्यावरून पायऱ्या मोजता आणि मी तळघरापासून. एखादी पायरी कितवी, याचं उत्तर आपल्या दोघांचं वेगळं येईल. पण 'आणखी पाच पायऱ्या चढ' म्हटल्यावर कुणी कुठून मोजलं याने फरक पडत नाही, फक्त पायऱ्यांची उंची सारखी हवी. ३२ हे मोजायला सुरुवात कुठून केली त्याचं आहे, १.८ हे पायरीच्या उंचीचं.

मी याच्यावर इतका जोर देते कारण घरच्या केकपुरतं हे नाही. माझा भाचा पीथमपुरात औषधांच्या एका कारखान्यात आहे. परदेशी कागदपत्रांत 'तापमानात २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त चढउतार नको' अशी अट होती, आणि कुणीतरी ती फॅरनहाइटमध्ये नेताना यंत्राला २ घालून ३५.६ उत्तर लिहिलं. ३५.६ अंशांचा चढउतार चालेल, असा त्याचा अर्थ झाला! खरं उत्तर ३.६. वेळीच कुणाच्या तरी नजरेला पडलं म्हणून बरं. हवामानबदलावरचे लेख अनुवाद करणाऱ्यांनीही सांभाळा. जगाचं तापमान दीड अंश सेल्सिअसने वाढलं म्हणजे २.७ फॅरनहाइटने वाढलं. त्याचे ३४.७ करून ठेवू नका.

औषधाच्या बाटलीवरचं मात्र तापमानच असतं, फरक नाही. इन्सुलिनवर '२ ते ८ सेल्सिअस' किंवा परदेशातून आलेलं असेल तर '३६ ते ४६ फॅरनहाइट' लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. घरात इन्सुलिन असेल तर ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

फोन आणि एसी

हे झटपट उरकते. फोनवरचं हवामान अचानक १०५ दाखवायला लागलं तर इंदूरला काही झालेलं नाही, मे महिन्यातले आपले नेहमीचे साडेचाळीस सेल्सिअस आहेत. फोनचा प्रदेश अमेरिका निवडला गेला की हे होतं. नवीन फोन लावून देताना मुलं भाषा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' करून ठेवतात, त्यातून बऱ्याचदा येतं. हवामानाच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये एकक बदला. पुन्हा पुन्हा उलटत असेल तर मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश भारत करा.

एसीच्या रिमोटवर २४च्या जागी ७५ आलं तर घाबरू नका, ते २४च आहेत. बऱ्याच रिमोटवर वर-खालीची दोन्ही बटणं एकदम काही सेकंद दाबली की एकक बदलतं, आणि लहान मुलं नेमकी तीच दाबतात. तसंच पुन्हा दाबलं की परत येतं.

ताप ९८.४ आला, 'कमी' म्हणायचा का?

काही लोक ९८.६च्या खाली दशांश दिसला की काळजीत पडतात. याचं कारण रूपांतरातच आहे, म्हणून सांगते. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख याने १८६८ साली रुग्णांच्या काखेतल्या असंख्य नोंदींवरून शरीराचं सरासरी तापमान ३७ सेल्सिअस मांडलं. तो गोळाबेरीज आकडा होता. त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ निघतं, आणि तो दशांश बघून वाटतं की कुणीतरी अगदी बारकाईने मोजलंय. ती बारकाई मोजणीतून आली नाही, १.८च्या गुणाकारातून आली. १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. शिवाय सकाळी तापमान कमी असतं, संध्याकाळी चढतं, काखेत तोंडापेक्षा कमी येतं. ९८.४ला किंवा ९७.९ला 'कमी ताप' म्हणून अंगावर दुलया घालू नका.

रूपांतर करताना हे नेहमीच लक्षात ठेवा. 'सुमारे २० सेल्सिअस'चं 'सुमारे ६८' करा. मूळ आकडा ढोबळ असेल तर उत्तरही ढोबळच ठेवा.

गणित बरोबर, तरी आकडा पटत नाही

मग थर्मामीटरच तपासायची वेळ आली. हे स्वयंपाकघरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरसाठी. तापाचा थर्मामीटर बर्फात किंवा उकळत्या पाण्यात कधीही घालू नका. तो त्या टप्प्यासाठी बनलेलाच नाही, आणि काचेचा असेल तर फुटून पारा सांडेल.

पेलाभर बर्फ बारीक कुटा, त्यात बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा. थर्मामीटरचं टोक मधोमध धरा, पेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. सेल्सिअसवर शून्य, फॅरनहाइटवर ३२ यायला हवं. एकक बदलून दोन्ही पाहिलंत तर पडदा बरोबर रूपांतर करतोय की नाही तेही कळतं.

दुसरी कसोटी उकळत्या पाण्याची, आणि इथे इंदूरकर हमखास फसतात. पाणी खळखळ उकळतंय, आणि थर्मामीटर ९८च्या जरा वर जाऊन अडकतो. पुस्तकात तर शंभर. मग नवाकोरा थर्मामीटर दुकानात परत. अहो, परत करू नका. आपण माळव्याच्या पठारावर राहतो, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं, साधारण ९८.२ला. फॅरनहाइटमध्ये २१२ऐवजी २०९च्या आत-बाहेर.

याचा उपयोग पाकाला होतो. परदेशी पुस्तकात मऊ गोळीच्या पाकाला २३५ फॅरनहाइट, म्हणजे ११३ सेल्सिअसच्या आसपास सांगितलेलं असतं, ते समुद्रसपाटीच्या हिशोबाने. आपल्याकडे उकळबिंदू जितका खाली आला तितकाच पाकाचा आकडाही खाली आणायचा: सेल्सिअसमध्ये पावणेदोन-दोन अंश, फॅरनहाइटमध्ये सव्वातीन. हा फरक आहे, म्हणून ३२ इथेही मध्ये येत नाही. म्हणजे आपल्या गॅसवर २३२ला, साधारण १११ सेल्सिअसला, पाक उतरवा आणि थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते बघा.